तिला चालत नाही

…एक राहिलाच. बटाट्याच्या काचरीच्या कडेला, तेलाच्या थेंबात अडकून बसलेला मोहरीचा एक दाणा. विनायकने तो चमच्याच्या टोकाने हळूच बाजूला घेतला, बोटाच्या पेरावर उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. इतकासा, काळा, निमूट. फोडणी तर त्याने गाळून घेतली होती. रोजच घ्यायचा. छोट्या कढल्यात तेल तापवायचं, मोहरी तडतडू द्यायची आणि मग ते तेल स्टीलच्या गाळण्यातून कढईत ओतायचं, म्हणजे वास भाजीला लागतो आणि मोहरी मात्र बाहेर राहते. वास शोभनाला चालायचा. दाणा दाताखाली आलेला चालत नसे. तसा आला तर ती बोलायची काही नाही, नुसती थांबायची — घास तोंडात तसाच, डोळे समोरच्या भिंतीवर — आणि मग जिभेने तो शोधून काढून ताटाच्या कडेला ठेवायची. त्यानंतर तिचं जेवण संपलेलंच असायचं.

त्याने पुन्हा एकदा सगळी भाजी चमच्याने उलटीपालटी करून पाहिली. नाही. आता नाही.

डबा तीन खणांचा. एकात फुलके, तीनच, चौघडी घातलेले, ज्यांच्यावर करपल्याचा एकही ठिपका नाही असे. ठिपका पडलेले तो स्वतः खायचा, त्यामुळे त्याच्या सकाळच्या न्याहारीला नेहमी ठिपक्यांचे फुलके असत. दुसऱ्यात काचऱ्या. तिसऱ्यात मुगाची डाळ, पण अशी आटवलेली की स्कूटरच्या धक्क्याने ती शेजारच्या खणात जाता कामा नये, कारण एका पदार्थाचा ओलावा दुसऱ्याला लागला की तिच्या लेखी दोन्ही बिघडले. कोथिंबीर नाही. कढीपत्ता नाही. खोबरं दिसायला नको. वांगं, भोपळी मिरची, कारलं यांचं तर नावच नाही, आणि कांदा — कच्चा कांदा म्हणजे घरात वासही नको. त्याला कधी खावासा वाटलाच तर तो बाल्कनीत उभा राहून खायचा आणि नंतर दोनदा ब्रश करायचा. हे सगळं त्याने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पंधरा वर्षं ज्याने सेक्टर चौतीसमधल्या क्लासमध्ये हातात कागद न घेता मुलांना फिजिक्स शिकवलं, त्याला एवढं पाठ असायला काय हरकत होती?

"झालं?" शोभना आतून म्हणाली.

"झालं." आवाज नेहमीप्रमाणे अर्ध्यावर फाटला. त्याने घसा साफ केला, जरी त्याचा काही उपयोग नसतो हे त्याला माहीत होतं. "काचऱ्या आहेत. आणि मूग."

"काल डाळ थोडी दाट झाली होती."

"आज सैल ठेवलीय. थोडी."

"हं." मग कपाट उघडल्याचा, मिटल्याचा आवाज. मग ती स्वयंपाकघराच्या दारात आली, ओढणीला पिन लावत. सत्तेचाळीस वर्षांची, कपाळावरचे केस पांढरे होऊ दिलेली, डोळ्यांखाली ते दोन अर्धगोल, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसणाऱ्या माणसांचे असतात तसे. ती मेडिकल इन्स्टिट्यूटमध्ये पॅथॉलॉजीत होती. रोज काचेच्या पट्ट्यांवरून माणसांच्या शरीरांचे पापुद्रे वाचायचे, आणि हे बरं, हे वाईट, असं लिहायचं. ती त्याच्याकडे बघत होती. ओट्याकडे नाही, त्याच्याकडे. पण त्याने ते तेव्हा लक्षात घेतलं नाही. तो झाकण बसवत होता.

आठ दहाला तिच्या स्कूटरचा आवाज मनीमाजऱ्याच्या गल्लीतून, भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत गेला. मग घर त्याचं झालं — म्हणजे कुणाचंच नाही.

तो हे सगळं मनापासून करायचा. सुरुवात झाली ती तीन वर्षांपूर्वी, न बोलण्याच्या सहा आठवड्यांत. स्वरतंतूवरची गाठ काढली होती. तिची स्लाइड तपासायला शोभनाच्याच विभागात गेली होती. वाचली दुसऱ्या कुणीतरी, पण तीही त्यावर वाकून बसली होती असं तिने नंतर कधीतरी, दुसरंच काही बोलता बोलता सांगितलं. गाठ साधी निघाली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे एक शब्द नाही, कुजबुजसुद्धा नाही. आणि त्या सहा आठवड्यांत, हातात पाटी घेऊन घरभर फिरताना, एका सकाळी त्याने ओट्याशी उभं राहून तिचा डबा भरला. डबा भरायला बोलावं लागत नाही. संध्याकाळी डबा रिकामा आला. ती म्हणाली, "मिरची काढून टाकलीस ते बरं केलंस." आणि त्याला — हसू नका — एखाद्या मुलाचा पेपर पूर्ण बरोबर निघाल्यावर होतो तसा आनंद झाला होता.

सहा आठवडे संपले. आवाज आला, पण हा असा, ओल्या काडीसारखा. पेटेल पेटेल वाटतो आणि विझतो. क्लासवाल्यांनी माइक दिला. दोन महिने तो गेलाही. मग एका सकाळी, दोनशे मुलं समोर, फिरत्या चाकाचा प्रश्न फळ्यावर, आणि 'म्हणून' या शब्दावर त्याचा आवाज गेला. बसला नाही, गेला. त्याने तोंड उघडलं, माइकमधून नुसता श्वास आला, मोठा होऊन, सगळ्या हॉलभर. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. वाईट हसलं नाही, घाबरून हसलं असावं. उरलेली चाळीस मिनिटं त्याने फळ्यावर नुसतं लिहिलं, आणि घरी आला, आणि पुन्हा गेला नाही. शोभनाला त्याने सांगितलं की डॉक्टरांनी शिकवायला मनाई केली आहे. डॉक्टरांनी तसं म्हटलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, जपून वापरा.

हे कुणालाच माहीत नव्हतं. किंवा… नाही, कुणालाच नाही.

अकराच्या सुमारास तो झाडू घेऊन बाहेरच्या खोलीत आला, आणि चपलांच्या स्टँडवर निळी पिशवी दिसली. डबा. ओढणी तोंडाला गुंडाळताना तिने तिथे ठेवला असणार आणि तसाच राहिला. तीन वर्षांत हे कधी झालं नव्हतं. त्याने फोन केला, तिने उचलला नाही. कामात असली की तिचा फोन ड्रॉवरमध्ये असतो. ती उपाशी राहील. बाहेरचं तिला काहीच चालत नाही. लग्नाकार्यात ती नुसता भात आणि दही घेऊन बसते. एकदा झिरकपूरला कुणाच्या तरी वास्तुशांतीला तिने पूर्ण संध्याकाळ दोन केळ्यांवर काढली होती. दिवसभर उपाशी, आणि त्यात त्या पट्ट्या… त्याने झाडू भिंतीला टेकवला, शर्ट बदलला.

मार्च महिना होता, आणि उत्तरेतल्या या शहरात मार्चमध्ये पानगळ असते. बार्शीहून आलेल्या माणसाला अठरा वर्षांनंतरही हे विचित्र वाटायचं. ऊन कोवळं, हवा गोड, आणि झाडं मात्र एका आठवड्यात सगळं टाकून मोकळी होतात. बसच्या खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही कडांना पानांचे ढीग दिसत होते, आणि ते झाडणाऱ्या बायका. डबा त्याने मांडीवर धरला होता, सरळ, दोन्ही हातांनी. डाळ सैल ठेवली होती ना.

बस मध्येच बंद पडली, दुसरी धरावी लागली, आणि तो पोचला तेव्हा एक वाजून गेला होता. विभागाच्या दारातून तो विशिष्ट वास आला, औषधी, डोळ्यांना झोंबणारा. इतक्या वर्षांत तो इथे चार-पाच वेळाच आला असेल. तिच्या टेबलावर ती नव्हती. शेजारी इरा होती, तिच्या हाताखाली काम करणारी नागपूरची मुलगी. घरी एकदा गणपतीला येऊन गेलेली.

"अरे सर, तुम्ही?" इरा उठून उभी राहिली. "मॅडम खाली कँटीनला गेल्यात. जस्ट आत्ताच."

"डबा विसरली," तो म्हणाला.

"काय म्हणालात, सर?"

त्याने पिशवी वर करून दाखवली.

"अच्छा, डबा. मॅडम काही बोलल्याच नाहीत विसरल्याचं." ती हसली. "बसा ना. नाहीतर खालीच जा, दोनपर्यंत त्या तिथेच असतात रोज. मागच्या बाजूला, झाडाखाली टेबलं आहेत बघा, तिथे."

रोज कँटीनमध्ये डबा नेऊन खात असेल. तिकडे ऊन असतं. हे त्याला जिने उतरताना पटलं, आणि तिसऱ्या पायरीवर त्यातलं काहीतरी टोचलं, पण काय ते कळेपर्यंत तो खाली पोचला होता. काउंटरसमोर रांग. राजम्याची वाफ, डालड्यात परतलेल्या कांद्याचा वास, स्टीलच्या ताटांचा खणखणाट. आणि रांगेत, तिसऱ्या नंबरवर, शोभना.

तो खांबाशी थांबला. हाक मारायला तोंड उघडलं. पण त्याच्या आवाजाने एवढ्या गलक्यातून पोचायचं म्हणजे जोर लावावा लागला असता, आणि जोर लावला की आवाज फाटतो, आणि सगळे वळून बघतात. त्याने म्हणून हाक मारली नाही. एवढंच. तिच्या मागून जाऊन तिच्या खांद्याला हात लावायचा असं त्याने ठरवलं होतं, पण तेवढ्यात तिचा नंबर आला.

ती काही बोललीच नाही. काउंटरवरच्या पिकल्या दाढीच्या माणसाने तिच्याकडे एकदा पाहिलं, ताट घेतलं, भात घातला, भातावर राजमा घातला — वरूनच, सगळा रस भातात — बाजूला कच्च्या कांद्याच्या चकत्या ठेवल्या, एक हिरवी मिरची ठेवली, मग हात थांबवून, जणू काही आठवून, आणखी दोन चकत्या ठेवल्या.

"लो जी, डॉक्टर साब," तो म्हणाला. "अचार आज आम का है."

"दे दो," शोभना म्हणाली.

झाडाखालच्या टेबलावर ती एकटीच बसली होती. कुणी सोबत नव्हतं, आणि हे त्याने नीट पाहून घेतलं, आणि असं पाहून घेतल्याची त्याला लाज वाटली. समोर फोनही नव्हता. पानं पडत होती. एक तिच्या ओढणीवर पडलं, तिने झटकलं नाही. ती हाताने जेवत होती. भात आणि राजमा एकत्र कालवून, चार बोटांनी घास गोळा करून, कांद्याची चकती दाताने तोडून. मिरचीचा तुकडा मोडून घेतला, आणि तो लागला तेव्हा तिने 'स्स' केलं आणि डोळे मिटून घेतले, आणि मग चेहऱ्यावर जे आलं… ते त्याने पाहिलं होतं. फार पूर्वी. लेक अक्षरा लहान होती, पुण्याला जायच्या कितीतरी आधी, तेव्हाचं. नंतर नाही.

'बाबा, मम्मा इतनी भी पिकी नहीं है,' अक्षरा मागच्या दिवाळीला फोनवर म्हणाली होती. 'माझ्यासोबत सेक्टर बाविसच्या मार्केटमध्ये गोलगप्पे खायची, पता है?' तो हसला होता. मुलं काहीही बोलतात.

तो किती वेळ तिथे उभा होता? मांडीएवढ्या उंचीवर एक निळी पिशवी धरून, खांबाच्या आड, पंचावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या बायकोला जेवताना चोरून बघत… दुसरा पुरुष असता तर निदान काय वाटायचं ते माहीत असतं. त्याला नाव असतं. इथे तर एक बाई भूक लागली म्हणून जेवत होती.

तो वर गेला, इराच्या टेबलावर पिशवी ठेवली.

"भेटल्या नाहीत का, सर?"

"गर्दी होती," तो म्हणाला. "दिसली नाही. देऊन टाक तिला."

बाहेर आल्यावर समोर लागलेल्या बसमध्ये तो नंबर न बघता चढला. विचार असा काही नव्हता. नुसते डबे येत होते डोळ्यांसमोर, एकामागून एक, रोज संध्याकाळी सिंकमध्ये उघडलेले, रिकामे, स्वच्छ. रिकामेच यायचे. मग ते जेवण जायचं कुठे? दोन्ही जेवत असेल? अकरा वाजता माझं, एक वाजता स्वतःचं? की कुणाला देत असेल, टाकत असेल, कुठे, कोणत्या कचऱ्याच्या डब्यात… आणि मग संध्याकाळी येऊन सांगायचं की डाळ थोडी दाट झाली होती. न खाता कसं कळलं, दाट झाली ते? की खाऊनच? आणि असं का? एका वाक्यात सांगता आलं असतं, विनायक, मला आता सगळं चालतं. एवढं एक वाक्य. तिचा तर आवाज धड आहे.

त्याला राग येत होता आणि राग कुठे टेकवावा ते सापडत नव्हतं.

कंडक्टर "चौंतीस, चौंतीस" म्हणाला आणि त्याचे पाय सवयीने उतरले. तीन वर्षांत तो इकडे आला नव्हता. भाजी, दूध, औषधं, काहीही आणायचं असलं तरी त्याचा रस्ता हा सेक्टर टाळून जायचा. क्लासेसच्या मोठाल्या फलकांवर नवी मुलं हसत होती, नवे आकडे, नवे मास्तर सूट घालून हाताची घडी घालून उभे. चहाच्या टपरीपाशी पाठीवर सॅक लावलेली पोरं-पोरी, कुणीतरी मराठीत म्हणत होतं, यार तो चॅप्टर पक्का येणार. त्या ओळखीच्या गलक्यात तो उभा राहिला, आणि नेमका तेव्हाच चारुदत्त समोर आला. लातूरचा, केमिस्ट्रीचा, त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. त्याच्याच शिफारशीवर इथे लागलेला.

"सर." चारुदत्तने खाली वाकल्यासारखं केलं. "किती दिवसांनी. बरे आहात ना?"

त्याने मान हलवली.

"मी परवाच तुमचं नाव काढलं होतं. सर, ते काम अजून तसंच आहे बघा. सोल्युशन्स लिहायचं. नवी पोरं लिहितात, पण त्यांना पायरी पायरीने सांगता येत नाही, उत्तरावर उडी मारतात. तुमच्यासारखं लिहिणारं नाही कोणी. बोलायचं काही नाही त्यात, सर. नुसतं लिहायचं. अकरा ते चार या, हवं तर."

हे चारुदत्तने आधीही विचारलं होतं. फोनवर, दोनदा की तीनदा. आणि विनायकजवळ उत्तर तयार होतं, इतकं वापरलेलं की ते आपोआप ओठांवर आलं —

"शोभनाचं असतं रे," तो म्हणाला. "सकाळी डबा… तिचं फार अवघड आहे. बाहेरचं तिला काही म्हणजे काही —"

आणि तिथे आवाज गेला.

'चालत नाही' हे दोन शब्द राहिले. तो तोंड उघडून उभा राहिला. चारुदत्त थांबला, आदबीने. आजारी माणसाशी थांबतात तसा. पण हे घशाचं नव्हतं. घसा ठीक होता. त्याला ते स्वच्छ कळत होतं. ते दोन शब्द तिथेच, जिभेवर, अख्खे होते, आणि तो ते म्हणू शकत नव्हता, कारण त्या क्षणी त्याला ऐकू आलं होतं की हे वाक्य तो किती वर्षं म्हणतोय आणि कुणाकुणाला. चारुदत्तला. सोलापूरच्या भावाला, पुस्तक लिही म्हणाला तेव्हा. अक्षराला, बाबा पुण्याला येऊन राहा महिनाभर, म्हणाली तेव्हा. डॉक्टरांना सुद्धा, आवाजाच्या व्यायामाला आठवड्यातून दोनदा सकाळी या म्हणाले तेव्हा: सकाळी जमत नाही, बायकोचा डबा असतो, तिला बाहेरचं चालत नाही. प्रत्येक दाराशी तो तिला उभी करत आला होता. आणि ती उभी राहिली होती. बोलावल्यासारखी, रोज, तीन वर्षं: डाळ दाट झाली, भेंडी चिकट, मीठ किंचित कमी. कधीच एवढी मोठी तक्रार नाही की त्याचा धीर सुटेल. नेमकी एवढीच की उद्या सकाळी उठायला कारण मिळेल.

तिला माहीत होतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते. ती त्याच इमारतीत काम करते. तिला कसं माहीत नसणार?

"पाणी आणू का, सर?" चारुदत्त म्हणाला.

त्याने हातानेच नको म्हटलं. मग हात चारुदत्तच्या खांद्यावर क्षणभर ठेवला.

"उद्या मी अकराला वर क्लासमध्ये असेन," चारुदत्त म्हणाला. "आलात तर आलात, सर. नाहीतर काही नाही."

घरी पोचेपर्यंत पाच वाजले. खोलीत झाडू भिंतीला टेकून तसाच उभा होता. त्याने झाडलं नाही, दिवा लावला नाही. खुर्चीत बसून राहिला. कधी वाटायचं, ही दया होती, आणि अंगावर शहारा यायचा, कारण दया करणारं माणूस तीन वर्षं शेजारी झोपत होतं आणि आपल्याला पत्ता नाही. कधी वाटायचं, नाही, कंटाळा होता. लहान मुलाने मांडलेल्या भातुकलीत मोठं माणूस एक घास खोटा खातं आणि घड्याळाकडे बघतं, तसा. आणि मधूनच, सगळ्याच्या खालून, तिचा तो मिटलेल्या डोळ्यांचा चेहरा वर यायचा, आणि त्याला वाटायचं की त्यात आपण कुठेच नव्हतो, तिला त्या पाऊण तासात कुणाला सांभाळायचं नव्हतं. म्हणूनच तो चेहरा तसा होता… आणि हे सगळ्यांत वाईट होतं.

सात वाजता ती आली. दिवा तिने लावला.

"अंधारात का बसलायस?"

"असंच."

तिने पिशवी टेबलावर ठेवली. ती भरलेली होती. ठेवतानाच्या आवाजावरून त्याला कळलं. ती हातपाय धुऊन आली, समोरच्या खुर्चीत बसली, आणि काही वेळ पिशवीची चेन बोटाने इकडून तिकडे करत राहिली.

"इरा म्हणाली, तू खाली कँटीनलाही येऊन गेलास."

"हो."

"दिसले नाही मी?"

तो तिच्याकडे बघत होता. तीही. तिच्या बोटांना, इतक्या तासांनंतर, इतक्या साबणानंतर, कांद्याचा पुसट वास होता; आजवर रोज असेल, आणि तो त्याला विभागाच्या वासाखाली कधी लागलाच नव्हता.

"गर्दी होती," तो म्हणाला.

"एक वाजता असते गर्दी," ती म्हणाली. आणि मग, "मी खाल्लं तिथे. आज."

ते 'आज' तिने वेगळं म्हटलं. की त्यालाच ते वेगळं ऐकू आलं? ते उघडलेलं दार होतं की लावलेली कडी, हे त्याला ठरवता येईना. तिचा चेहरा थकलेला होता आणि त्यावर काहीच नव्हतं, म्हणजे ती तो नीट सांभाळत होती.

"तू काय खाल्लंस दुपारी?" तिने विचारलं.

त्याने काही खाल्लं नव्हतं. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

ती उठली. डबा उघडून तिने डाळ आणि काचऱ्या गरम केल्या, फुलके तव्यावर टाकले, दोन ताटं घेतली, आणि सगळं अर्धं अर्धं वाढलं. दीड दीड फुलका. तिच्या डब्यातलं तो कधी जेवत नसे. करताना मीठ बघायला जिभेवर थेंब ठेवायचा, तेवढंच. स्वतःसाठी आदल्या दिवशीचं काही, ठिपक्यांचे फुलके, लोणचं. आता पहिल्यांदाच त्याने तो घास पूर्ण तोंडात घेतला, चावला. त्यात काहीही वाईट नव्हतं. मऊ, गरम, बेताचं मीठ. जे जे काढता येईल ते सगळं त्याने त्यातून काढून टाकलं होतं, तीन वर्षं, एकेक करून, इतक्या काळजीने, की आता तोंडात नुसती ती काळजीच फिरत होती. तिला गिळायचं कसं ते समजत नव्हतं. तो पाणी प्यायला. समोर शोभना शांतपणे जेवत होती, लहान लहान घास घेत, काही वेगळं न करता, रोजच्यासारखी. हे जर ती रोज खात असेल — खरंच खात असेल, आधी हे आणि मग ते — तर…

"मीठ किंचित कमी आहे," ती म्हणाली.

ती खाली बघून म्हणाली होती. त्याचं नेहमीचं उत्तर, 'उद्या बघतो', घशाशी आलं. त्याने ते येऊ दिलं नाही. ती थांबून राहिली, घास हातात धरून, त्या उत्तरासाठी, आणि ते येत नाही असं पाहून तिने हळूच मान वर केली. तिच्या डोळ्यांत त्याला भीती दिसली. ती तिच्यासाठी होती की त्याच्यासाठी?

"विनायक."

"हं."

"उद्या काय करणार आहेस?"

हा प्रश्न ती रोज विचारायची. रोज याच वेळी, याच खुर्चीतून. त्याचा अर्थ एकच असायचा, आणि उत्तर दुधी, किंवा तोंडली, किंवा पुन्हा बटाटा. आज शब्द तेच होते, सूरही जवळजवळ तोच होता. त्याने तो प्रश्न मनात एकदा या बाजूने धरून पाहिला, एकदा त्या बाजूने. तिने कोणता विचारला होता ते तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि तिलाही ते माहीत नसावं असं त्याला वाटलं. ती वाट बघत होती. त्याच्या आत, घशाच्याही खाली, कधीपासून वापरात नसलेल्या कुठल्यातरी जागी काहीतरी हललं. तो आनंद नव्हता, धीर तर नव्हताच. दोनशे मुलांसमोर तोंड उघडून उभं राहिल्यावर, आवाज येईल की नाही हे माहीत नसलेल्या त्या एका श्वासासारखं काहीतरी… आणि तो तसाच बसून राहिला, तोंड किंचित उघडं, तिच्याकडे बघत.